पंचविसावी फेरी

ते पत्र नानांना दाखवायला नको होतं. दाखवलं मीच. मी शेवंता, वाल्मीकभाऊची धाकटी बहीण. नाना आमचे वडील. एकाहत्तर सालच्या जूनमध्ये ते पत्र माझ्या जळगावच्या पत्त्यावर आलं तेव्हा माय जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

पत्र जाड होतं. लिफाफ्यावर विमानाचं चित्र आणि भाऊचं नाव, मि. व्ही. बी. बोरसे. मला वाटलं भाऊनंच काहीतरी पाठवलंय. मला इंग्रजी येत नाही. आमचे हे डाळीच्या गिरणीत कारकून, त्यांना येतं. गिरणीतून आल्यावर त्यांनी पत्र हातात घेतलं, एकदा मनात वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"काय आहे हो?"

"भाऊचा सत्कार आहे. दोन जुलैला, सांताक्रूझला. विमान कंपनी करणार आहे. घरच्या माणसांनाही बोलावलंय, भाऊला कळू न देता."

"सत्कार कशाचा?"

"सारखा त्यांच्याच विमानानं जातो-येतो म्हणून. बैरूत ते मुंबई. ही पंचविसावी फेरी."

मी हसले. म्हटलं, तुम्ही चुकीचं वाचताय. भाऊ बैरूतला एका कापडाच्या पेढीत होता. पाच वर्षांत दोनदा घरी आला होता. एकदा सदुसष्टच्या दिवाळीला, आणि एकदा माय गेली तेव्हा. त्याची पत्रं माझ्या पेटीत होती. प्रत्येकात तेच, रजा मिळत नाही, फार लांब आहे, पुढच्या वर्षी नक्की.

ह्यांनी लिफाफ्यातून एक निळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका काढली. तिच्यात भाऊची प्रत्येक फेरी टाइप केलेली होती. मुंबईत कधी उतरला, मुंबईहून कधी गेला. अडुसष्टच्या उन्हाळ्यापासून महिन्या-दीड महिन्याला एक. कधी दोन दिवस, कधी चार. सोबत एक छापील कागद होता, कंपनीला आपल्या नेहमीच्या उतारूंबद्दल माहिती हवी होती. आपण वर्षातून किती वेळा विमानानं जाता? दुसऱ्या कंपनीचं विमान कधी घेतलंत का? प्रत्येक वेळी आम्हालाच का निवडता?

"धुळ्याला कळवू नकोस," हे म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला हे सोसायचं नाही."

पण मला राग आला होता, आणि तो राग जुना होता. माय आजारी पडली तेव्हा दोन लेकरं घेऊन जळगावहून मी गेले. तिचं अंग पुसलं मी, तिची वेणी घातली मी. आणि ती डोळे उघडायची तेव्हा विचारायची वाल्मीकबद्दल. त्याचं पत्र उशाखाली. आल्यागेल्याला सांगायची, माझा पोऱ्या विमानात बसतो. मला वाटलं, आता नानांना कळू दे. रविवारी सकाळी मी पिशवीत पत्र घातलं आणि धुळ्याची एसटी पकडली. एरंडोल येईपर्यंत दोनदा मनात आलं, परत फिरावं. फिरले नाही.

नाना टपाल कचेरीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं तार खात्यात होते. इंग्रजी त्यांना चांगलं येई. चष्मा लावून त्यांनी पत्र वाचलं, मग पुस्तिका उघडली. मी समोर बसले होते. रागवतील, काहीतरी बोलतील म्हणून वाट बघत होते. ते एकेक पान उलटत गेले आणि एका पानावर बोट ठेवून थांबले.

"शेवंता, माय गेली तो गुरुवार होता ना? बारा मार्च?"

"हो."

"हे बघ."

मला आकडे कळत होते. नऊ मार्चला मुंबईत उतरला. तेरा मार्चला मुंबईहून गेला. पंधरा मार्चला पुन्हा मुंबईत.

मला कळायला वेळ लागला. नानांना लागला नव्हता. माय फेब्रुवारीच्या अखेरीस अंथरुणाला खिळली. नऊ तारखेला, सोमवारी तिचा श्वास लागला तेव्हा नानांनी डगला चढवला होता, भाऊला तार करायला. मायनंच त्यांना थांबवलं. मी तिथंच उभी होते. ती म्हणाली, "त्याले बलावू नका. इतला दूर शे पोऱ्या. कामधंदा सोडीसन कसा येई?" नानांनी डगला काढून खुंटीला लावला. पुढचे तीन दिवस ती विचारत राहिली, आता वाल्मीक काय करत असेल? आणि नाना तिच्या कपाळावर हात ठेवून सांगत राहिले, अगं, तो समुद्रापलीकडे आहे, त्याला कसं कळणार? गुरुवारी पहाटे ती गेली. मग नानांनी बैरूतला तार केली. भाऊ सोमवारी आला. सगळी गल्ली म्हणाली, एवढ्या लांबून पोरगा चार दिवसांत आला.

आणि ते तीन दिवस तो मुंबईत होता. सकाळी एसटीत बसला असता तर दिवेलागणीला मायजवळ पोचला असता.

"नाना," मी म्हटलं, "त्याला माहीत नव्हतं. तुम्ही सोमवारी तार केली असती तरी ती बैरूतलाच गेली असती."

"हो. बैरूतलाच गेली असती," नाना म्हणाले.

त्यांनी पुस्तिका मिटली आणि जेवायला वाढ म्हणाले. जेवले मात्र नाहीत, भाकरीचे तुकडे करत बसले. हात धुतल्यावर म्हणाले, "दोन जुलैला जायचं. घरच्यांना आमंत्रण आहे."

मी खूप अडवलं. मी एकटी जाते म्हटलं, भाऊला इकडे बोलावते म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. इस्त्रीचं धोतर, काळा कोट आणि टोपी. आदल्या दिवशी आम्ही एसटीनं मुंबईला गेलो, माझ्या चुलत दिरांकडे दादरला उतरलो आणि शुक्रवारी सकाळी विमानतळावर.

कंपनीच्या साहेबांनी फार अगत्य केलं. तरुण होते, मराठी बोलत होते. नानांना गुबगुबीत खुर्चीत बसवलं, सरबत मागवलं. एका टेबलावर झेंडूचा हार आणि चांदीची लहान तबकडी ठेवली होती. साहेब म्हणाले, "आमचे पुष्कळ उतारू आज या कंपनीनं तर उद्या त्या कंपनीनं जातात. बोरसेसाहेब तसे नाहीत. एकदा आमचं विमान दोन दिवस उशिरा होतं, दुसऱ्या कंपनीत जागा मिळत होती, तरी थांबले. अशी माणसं कमी."

नाना मान हलवत होते.

"तुम्ही नशीबवान आहात, नाना. मुलगा परदेशात, पण दर महिन्याला भेट. माझा भाऊ पुण्यात आहे, तो वर्षातून एकदा दिसतो."

मी नानांकडे बघितलं.

"हो," नाना म्हणाले. "येत असतो ना."

दारातून भाऊ आला तो हसतच, कुणातरी कर्मचाऱ्याशी गप्पा मारत. त्याची बॅग दुसऱ्याच्या हातात होती. अंगावर राखी सूट. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, ते मला सव्वा वर्षापूर्वी दिसले नव्हते. त्यानं आधी मला पाहिलं. मग नानांना. तो जागच्या जागी थांबला, मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळला.

साहेब म्हणाले, "बघा, तुम्हाला न सांगता बोलावलं. हार वडिलांच्या हातूनच घालायचा."

नाना उठले. भाऊ उंच, त्याला वाकावं लागलं. नानांनी हार घातला. कुणीतरी फोटो काढला. भाऊ पायाशी वाकला तो उठेना. साहेबांना वाटलं, आनंदानं झालं असेल. मग त्यांनी तो छापील कागद काढला आणि भाऊला विचारलं, "एवढंच लिहायचं राहिलंय. प्रत्येक वेळी आमचीच कंपनी का निवडलीत?"

भाऊ गळ्यातला हार सारखा करत राहिला. साहेबांनी मग आपणच 'उत्तम सेवा' असं लिहून टाकलं.

नंतर आम्ही तिघं विमानतळाच्या उपाहारगृहात बसलो. भाऊनं हार काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला. चहा आला. नाना बशीत ओतून प्यायले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून ती निळी पुस्तिका काढून टेबलावर ठेवली.

"कायमचा पत्ता म्हणून शेवंताचा का दिलास?"

"धुळ्याला आलं तर तुम्ही वाचाल म्हणून," भाऊ खाली बघून म्हणाला. "शेवंताला इंग्रजी येत नाही. ती ठेवून देईल असं वाटलं."

मी माझा चहा दूर सरकवला.

"पहिल्या खेपेला दोनच दिवस होते, नाना," भाऊ सांगू लागला. "गिरण्यांमधून माल पास करायचा होता. म्हटलं, पुढच्या खेपेला जाऊ. दुसऱ्या खेपेला वाटलं, गेलो तर माय विचारेल, मागे आलास तेव्हा का नाही आलास. म्हणून नाही गेलो. मग कसं जाणार? जितक्या खेपा झाल्या तितकं सांगणं अवघड झालं. दर वेळी एसटी स्टँडपर्यंत जायचो. एकदा धुळ्याचं तिकीटही काढलं होतं. नाशिकला उतरून परत फिरलो."

"आणि हे विमान?" मी विचारलं. "दोन दोन दिवस थांबतोस त्याच्यासाठी?"

"ते लोक ओळखतात मला. चढलो की म्हणतात, या, तुमची खिडकी ठेवलीय. कुठं होतात इतके दिवस, असं कुणी विचारत नाही तिथं."

नानांनी बशी खाली ठेवली.

"मार्चचं कधी कळलं तुला?"

"शनिवारी. बैरूतला खोलीत शिरलो तर दाराखाली तार पडलेली. त्याच कपड्यांवर परत विमानतळावर गेलो." त्यानं टेबलाची कडा धरली. "मी इथं हॉटेलात झोपलो होतो, नाना. ती जात होती तेव्हा मी झोपलो होतो. तुम्ही मला मारा, काहीही बोला."

आजूबाजूचे लोक बघत होते. नाना हळू आवाजात म्हणाले, आणि ते शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात.

"तू आला नाहीस, त्याचं काही नाही रे. पोरं येत नाहीत. ती मला विचारायची, वाल्मीक कुठं असेल, आणि मी सांगायचो, लांब आहे, फार लांब आहे. चाळीस वर्षांत मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो. ते तू माझ्या तोंडून वदवलंस. मरत्या माणसाशी."

भाऊनं टेबलावर डोकं टेकलं. नानांचा हात त्याच्या पाठीकडे गेला, मध्येच थांबला आणि चष्मा सारखा करायला वर गेला.

भाऊ म्हणाला, काम टाकतो आणि आत्ता तुमच्याबरोबर येतो. नाना म्हणाले, "नको. तुझी माणसं वाट बघत असतील. सवडीनं ये."

तो रविवारी आला. त्यानंतर दर खेपेला येऊ लागला. एसटीतून उतरायचा, दोन दिवस राहायचा. मीही कधी जळगावहून जायची, घर भरलेलं दिसेल म्हणून. नाना त्याला चांगल्या खाटेवर झोपवायचे, शेजाऱ्याकडून दूध आणून चहा करायचे, पावसापाण्याचं बोलायचे. पाहुण्यांशी बोलतो तसं. दूधवाल्याला सांगायचे, "बैरूतचे पाहुणे आलेत." मायचा विषय भाऊनं काढला की उठून अंगणात जायचे. एकदा भाऊनं त्यांना अडवलं आणि म्हणाला, "नाना, एकदा माफ केलं म्हणा."

नाना म्हणाले, "मी कोण माफ करणारा? मलाच कुणी करायचं राहिलंय."

वर्षभर हे चाललं. बहात्तरच्या पावसाळ्यात, पाऊस नव्हताच त्या वर्षी, भाऊची बदली लंडनला झाली. मला वाटतं त्यानं ती मागून घेतली. निघण्याआधी तो जळगावला आला. मी भरीत केलं होतं. ताटावर बसून तो मला म्हणाला, "शेवंता, ते पत्र तू पेटीत ठेवून दिलं असतंस तर?"

त्यानं तक्रार म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारत होता. मी त्याला वांग्याचं भरीत वाढत राहिले. माझ्याकडे उत्तर होतं. भाऊ खोटं बोलत वर्षा-दोन वर्षांनी एकदा आला असता, आणि नाना ओट्यावर उभे राहून म्हणाले असते, किती लांबून आला माझा पोरगा. दोघांनाही ते पुरलं असतं. त्यांच्यापासून ते मी काढून घेतलं, कारण मायनं माझं नाव घेतलं नव्हतं.

हे मी भाऊला सांगितलं नाही. नानांनाही नाही. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत नाना गेले. आजारपण दोन दिवसांचं होतं. मी लंडनला तार केली. भाऊ पाचव्या दिवशी पोचला. गल्लीतली माणसं पुन्हा म्हणाली, एवढ्या लांबून आला. या वेळी ते खरं होतं. भाऊ नानांच्या खाटेवर कडेला बसून राहिला, आणि मी त्याच्याजवळ जाऊन बसले.