चार तास पुरेल असा लॅपटॉप

श्रीरंजनीला जगातला सगळ्यात भारी लॅपटॉप नको होता. प्लगशिवाय चार तास चालणारा, खांद्याला पेलवणारा आणि तिचं काम ओढणारा, एवढाच हवा होता. संगणकांच्या दुकानांनी भरलेल्या रिची स्ट्रीटवरचं हे सहावं दुकान. आधीच्या पाच दुकानांत 'मुलांच्या अभ्यासाला का, मॅडम?' ऐकून तिचं डोकं उठलं होतं. सोळा वर्षं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या बाईला हे विचारतात, मेले!

चार तासांचं कारण होतं शेषाद्री, तिचा नवरा. आठवड्यातून तीनदा एग्मोरच्या केंद्रात त्याचं डायलिसिस चाले आणि ती शेजारच्या स्टुलावर बसून काम करी. तिथले प्लग फक्त यंत्रांसाठी. नंतर त्याचं बीपी इतकं उतरे, की तिरुवल्लिकेणीच्या घरापर्यंत त्याला धरूनच आणावं लागे. आणि नेमका परवा तिचा जुना लॅपटॉप जळाला. घरून काम करणाऱ्यानं लॅपटॉप स्वतःचा आणायचा, असा कंपनीचा नियम. काम द्यायला तिला दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला की नोकरी जाणार, नोकरीबरोबर कंपनीचा विमा, आणि विमा गेला की डायलिसिस कशावर करायचं? मंगळवारी दुपारी बारापर्यंत ॲप द्यायचं होतं. आज रविवार.

दुकानदार कार्तिकेय भला माणूस. त्यानं तिला सोबत आणलेल्या डिस्कवरचा सगळा कोड दोन लॅपटॉपवर चढवू दिला, दोन्हींचे चार्जर काढले आणि तिला बसायला खुर्ची दिली. दोन्हीकडे तिनं ॲपची जुळणी, म्हणजे कोडपासून चालतं ॲप बनवणं, सुरू केली.

त्यांतला हलका होता सव्वा किलोचा, बॅटरी दिवसभराची. पण मेमरी तोकडी, आणि वाढवायची सोयच नाही. अर्धा तास कण्हत राहिला आणि मग गोठला. जडानं तेच काम नऊ मिनिटांत उरकलं, पण त्याची बॅटरी पाऊण तासात निम्मी झाली. दोन्ही गुण एकत्र असलेला वरच्या काचेच्या कपाटात होता. किंमत ऐकल्यावर तिनं तिकडे पाहणंच सोडलं. इकडे आड, तिकडे विहीर. भर दुकानात तिला हंबरडा फोडावासा वाटला.

तिनं शेषाद्रीला फोन लावून सगळं सांगितलं.

"जड घे," तो आपल्या दक्षिणी मराठीत म्हणाला.

"अहो, तिथं दोन तासही चालणार नाही तो."

"तिथं आणायलाच कशाला पाहिजे? तूं घरीं बसून काम कर. मी एकटा जातों."

"आणि परत कसे येणार?"

"ऑटो आहेत कि! मज काय लहान पोर समजतीस?"

गेल्याच महिन्यात केंद्राच्या पायऱ्यांवर तो तिच्या अंगावर कोसळला होता. दोघांनाही ते आठवत होतं.

"सेरी, घेते," शेवटी ती म्हणाली. स्वतःचाच राग राग करत तिनं जड लॅपटॉप बांधून घेतला.

मंगळवारी सकाळी तो एकटा गेला. लॅपटॉप मात्र हुकमी निघाला. चूक सापडली की सुधारायची, नऊ मिनिटांत पुन्हा जुळणी. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिनं ॲप पाठवून दिलं आणि शेषाद्रीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. केंद्रात विचारलं, तर तो अकरालाच निघाला होता. तिनं तिसऱ्यांदा त्याचा नंबर लावला.

स्क्रीनवर तिची वरिष्ठ चित्रा आली. "वेळेआधी! असंच चालू दे, श्रीरंजनी. आता काळजी नाही."

तेवढ्यात दार वाजलं. एका ऑटोवाल्यानं शेषाद्रीला बखोटीला धरून आणलं होतं. हनुवटी फुटलेली, शर्टावर रक्त. नाक्यावर पडला होता, म्हणे. पाणी देऊन, पत्ता विचारून त्या भल्या माणसानं त्याला घरी पोचवलं होतं.

श्रीरंजनीनं त्याला कसंबसं खाटेवर निजवलं. ओल्या फडक्यानं त्याची हनुवटी पुसली.

"काम झालं?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

"झालं."

"वेळेंत?"

"हो."

"मग परवां पण मीच एकटा जातों," तो म्हणाला.

नको म्हणायला तिनं तोंड उघडलं. मग टेबलावरच्या जड लॅपटॉपकडे पाहून ते मिटून घेतलं.