काउंटरची पट्टी

सकाळी सात वाजता सुतार घरातून पुढच्या दुकानात आला, तेव्हा दिवा लागलेला होता आणि त्याची बायको स्टुलावर बसून पितळ घासत होती. शेजारी वाटीत मीठ आणि पिळलेले लिंबू. टेबलावरच्या नव्या पेटीची पट्टी टोकापासून टोकापर्यंत लखलखत होती.

पेटी कॉम्प्युटरची होती. गिऱ्हाईक तरुण, कॉम्प्युटरवरच पोट असलेला. त्याला बाजारातला पत्र्याचा काळा डबा नको होता. अक्रोडाच्या लाकडाची पेटी हवी होती, आणि तिच्या दर्शनी बाजूवर आडवी बसवायला त्याने स्वतःच एक पितळी पट्टी आणून दिली होती. वडिलांच्या औषधाच्या दुकानातल्या काउंटरची. वडील गेले, दुकान गेले, पट्टी तेवढी राहिली. ती काळपट तपकिरी झाली होती. फक्त मधे, जिथे वडील मनगट टेकवत, तिथे एक लांबट उजळ डाग होता.

"काका, बाकी काही इकडचं तिकडे झालं तरी चालेल," तो म्हणाला होता, "पण हिला पॉलिश नका करू."

"मला काय वेड लागलंय?" सुतार म्हणाला होता.

त्याने मन लावून काम केले. कोपरे खिळ्यावाचून खाचेत बसवले, मागे पंख्यांना हवा मिळावी म्हणून बारीक फटी कोरल्या. काल संध्याकाळी पट्टी बसवली आणि काम संपले.

घर आणि दुकान यांच्यामधल्या दाराला तो रोज रात्री कडी घाली. दुकानात पटाशा, करवती. बायकोला कशाचे भान उरले नव्हते. काल कडीचा आवाज ऐकून ती म्हणाली, "मिस्त्री, मला कोंडू नका हो." त्याने कडी काढली.

वर्षभर ती त्याला मिस्त्रीच म्हणत होती. दिवेलागणीला सांगे, "आता निघा, घरी बायको वाट बघत असेल." पहिल्यांदा मुलगी खळखळून हसली होती. मग तोंड धुवायला म्हणून गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

आता सुतार झपाट्याने टेबलापाशी गेला. "काय करून ठेवलंस हे!" तो ओरडला.

"ओरडता काय, अहो?" तिने मान वर केली. "किती काळं पडलं होतं. तुमचं लक्ष असतं का कधी घरात?"

तो जागच्या जागी उभा राहिला. "काय म्हणालीस?"

"बहिरे झालात की काय, अहो? बघा, तोंड दिसतंय."

तो वाकला. तोंड दिसत होते. शेजारी तिचेही.

मुलगी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "मेलो आपण! बाबा, तो अमोनिया काढा. नव्या पितळी कड्या त्याच्या वाफेवर काळ्या करून देता ना तुम्ही? डागाची जागा झाकली की दुपारपर्यंत बाकीची काळी होईल. गिऱ्हाइकाला काय कळतंय!"

त्याने बाटली काढली. बूच उघडताच नाकात झणका गेला. बायको फडके घडी करून पट्टीकडे पाहत होती, काम उरकलेल्या माणसासारखी. त्याने बूच परत लावले.

"पण बाबा..."

"आईनं मला अहो म्हटलं."

मुलीने हातातला कप खाली ठेवला. "खरंच?"

"दोनदा."

गिऱ्हाईक अकराला आले. पट्टी पाहताच तो खाली वाकला. मग मधोमध अंगठा फिरवत तो म्हणाला, "इथं होता."

सुताराने सगळे सांगितले. बायकोचा आजार, न लावलेली कडी. "चूक माझी. पुन्हा काळी करता आली असती. नाही केली."

"करायची होतीत काका," तो हळूच म्हणाला. "मला कळलं नसतं."

तेवढ्यात बायको आतून डोकावली. "मिस्त्री, माणूस उभाय कधीचा. बसायला तरी सांगा त्याला."

सुतार तिच्याकडे पाहत राहिला. गिऱ्हाइकाने दोघांकडे पाहिले, आणि "विचार करून कळवतो" म्हणून पेटी न घेताच तो गेला.

पेटी अजून दुकानातच आहे. फोन आलेला नाही. पट्टीची चकाकी हवेने उतरू लागली आहे. पटाशा आणि करवती कुलपात गेल्या. मधल्या दाराला आता कडी नसते. झोपण्यापूर्वी सुतार पेटीशेजारी वाटीत मीठ आणि अर्धे लिंबू ठेवतो. सकाळी लिंबू तसेच असते, कडेने सुकलेले.