उतरणारा आकडा

डेपोत सगळे त्यांना मास्तर म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी बसगाड्यांचे डिफ्रन्शिअल उघडले आणि मिटले, पण त्यांच्या कामाचं कौतुक करावं असं जावयाला कधी सुचलं नाही. जावई तसा वाईट नव्हता. फक्त गाडी कुरकुरली की तो कंपनीच्या चकचकीत वर्कशॉपमध्ये जायचा आणि सासऱ्यांना म्हणायचा, "बाबा, या गाडीचं काम वेगळं असतं." मास्तर "बरोबर आहे" म्हणायचे आणि आतल्या आत धुमसायचे.

मागच्या महिन्यात मात्र गंमत झाली. शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने गाडी पळवताना चौथ्याच राउंडला जावयाच्या लाल स्पोर्ट्स कारच्या मागून जळक्या तेलाचा वास यायला लागला आणि चाकांच्या मधून कण्हल्यासारखा आवाज. इंजिन गार ठेवायला कंपनीने सतरा सोयी दिल्या होत्या. मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफ्रन्शिअलला मात्र काही नाही, साधा तापमानाचा मीटरसुद्धा नाही. कंपनीवाल्यांनी हात वर केले, तेव्हा जावईबापूंची पावलं सासऱ्यांच्या शेडकडे वळली.

मास्तरांनी जीव ओतला. वहीएवढा कूलर मागच्या बंपरआड बसवला, डिफ्रन्शिअलमधलं तेल तिथवर नेऊन परत आणायला पंप आणि दोन पाइप जोडले. राहिला मीटरचा सेन्सर. तो खरं तर डिफ्रन्शिअलच्या पोटातच बसवायचा, तेलात बुडून राहील असा. पण त्यासाठी सगळं परत खाली उतरवावं लागलं असतं, आणि जावई घड्याळ बघत उभा! मास्तरांनी तो पाइपमध्येच बसवून टाकला. डेपोत हाताखालच्या कुणी असं केलं असतं, तर त्यांनी त्याला फैलावर घेतलं असतं.

आज भर दुपारी ते ट्रॅकच्या कठड्याशी वॉकीटॉकी घेऊन उभे होते. गाडीत जावयाच्या शेजारी हेल्मेट घालून त्यांची लेक बसली होती. मीटर वाचून आकडा कळवायचं काम तिचं. ठरलं होतं ते असं, की चार राउंड जोरात, पाचवा हळूहळू, गाडी गार करत, आणि मग ट्रॅक सोडून आत. ट्रॅकच्या मधल्या टेकडीमागे गाडी गेली की वॉकीटॉकीवरचा आवाज तुटायचा.

"एकशे बावीस, बाबा," पहिल्या राउंडला लेक म्हणाली. मग एकशे एकतीस. मग एकशे अडतीस. डांबरावरून वाफा उठत होत्या, आणि मास्तर एकेक आकडा मनातल्या मनात एकशे पन्नासातून वजा करत होते. एकशे पन्नास अंश झाले की गाडी आत, असं त्यांनीच दोघांना बजावलं होतं.

चौथ्या राउंडला लेक ओरडली, "बाबा, एकशे एकोणीस! आकडा उतरतोय!"

"नीट वाच."

"नीटच वाचतेय. आता एकशे चौदा. हा म्हणतोय, मानलं बुवा बाबांना!"

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लेकीच्या लग्नापासून तीन वर्षं ज्या वाक्यासाठी त्यांचे कान आसुसले होते ते आलं, तेही आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल असं.

"बरं, आता हळू राउंड मारून आत येतो आम्ही," लेक म्हणाली.

"आत कशाला?" मास्तर म्हणाले. "उतरतोय ना आकडा? मारा अजून एक जोरात."

लाल गाडी त्यांच्यासमोरून सुसाट गेली. काचेआडून लेकीने हात हलवला.

शेजारी चाकं बदलत बसलेल्या टायरवाल्याने मान वर केली. "काय हो मास्तर, या उन्हात गाडी गार होतेय? आत बर्फ भरलाय की काय?"

मास्तर हसले. वॉकीटॉकी खरखरली. "शहाऐंशी, बाबा! आता सत्त..." आणि गाडी टेकडीआड गेली.

मास्तरांचं हसू ओठांवरच वाळलं. चाळीस वर्षांत पळता पळता गार झालेला डिफ्रन्शिअल त्यांनी एकही पाहिला नव्हता. बस उभी करून तासभर झाला तरी त्याला हात लावायची सोय नसते. मग गार काय होत होतं? गार होत होता पाइप. तो कुठेतरी निसटला होता, पंपाने तेल रस्त्यावर ओतून टाकलं होतं, आणि सेन्सर बिचारा पाइपातली हवा मोजत बसला होता. खाली डिफ्रन्शिअलमध्ये गिअरचे कोरडे दात दातांवर घासत होते. ते कुठल्याही क्षणी एकमेकांत अडकणार आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी जाम होणार.

"बाळा, थांबवा गाडी! ऐकू येतंय का? थांबवा!"

नुसती खरखर.

या वयात पळायचं नसतं, पण मास्तर पळाले. गाड्यांना इशारे द्यायला ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या झेंडेवालीपर्यंत पोचेस्तोवर त्यांचा ऊर फुटायला आला होता. "लाल झेंडा दाखवा! लाल गाडीची चाकं जाम होणार आहेत!"

"मला तर काहीच दिसलं नाही, काका. कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय! पाइप मी बसवलाय तो. माझी लेक आहे आत!"

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, झेंडा उचलला आणि टेकडीमागच्या झेंड्यांच्या चौक्यांनाही कळवलं. तेवढ्यात टेकडीमागून रबर फरफटल्याचा लांबलचक आवाज आला. मग एक धप्प.

लाल झेंडा बघून ट्रॅकवरच्या बाकीच्या गाड्या एकेक करून आत यायला लागल्या. पांढरी आली, निळी आली, पिवळी आली. टेकडीमागून इंजिनाचा आवाज आला की मास्तर टाचा उंचावत, आणि गाडी दुसऱ्याच कुणाची निघे. मग गाड्या संपल्या आणि रस्ता मोकळा झाला. मास्तर वॉकीटॉकीत हळूच "बाळा" म्हणत राहिले. मोठ्याने हाक मारायची त्यांना भीती वाटत होती.

शेवटी मदतीच्या गाडीतून दोघं आले. जावयाचा डावा हात छातीशी बांधला होता, ओठ फाटला होता. लेक स्वतःच्या पायांनी उतरली. तिच्या केसांत काचेचे कण होते.

जावयाने उजव्या हाताने मास्तरांचा हात घट्ट धरला. "बाबा, झेंडा बघून नुकताच ब्रेक मारला होता. त्याच वेगात असतो, तर संपलोच होतो आम्ही. तुम्ही वाचवलंत."

"खरंच," झेंडेवाली म्हणाली, "काय अनुभव म्हणायचा या काकांचा!"

टायरवाल्याने पाठ थोपटली. मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. ती हेल्मेट पोटाशी धरून उभी होती. तिने सगळ्यांचं बोलणं संपू दिलं आणि मग बापाला एकट्यालाच ऐकू जाईल इतकी जवळ आली.

"बाबा," ती म्हणाली, "आम्ही आत येत होतो."