टकळीची गाठ

त्या शाळेचा दोर अख्ख्या वस्तीला ठाऊक होता. रोज सकाळी पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या फाटकापर्यंत लहान वर्गांतली पोरं एका लांबलचक सुती दोराला धरून चालत यायची. पुढे गळ्यात शिट्टी घातलेला कुणाचा तरी बाप, मागे कुणाची तरी आई. दोरावर प्रत्येक पोराचं कापडाचं कडं असायचं, घरच्याच जुन्या कपड्यातून फाडून बांधलेलं. वर्षाच्या सुरुवातीला पालकसंघ शाळेच्या हॉलमध्ये जमायचा, पोरं आपापलं कडं आपल्याच हाताने बांधायची, फादर येऊन दोरावर पवित्र पाणी शिंपडायचे आणि मोठ्या सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, सगळ्यांना बजावायच्या की ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. वर्ष संपताना शेवटच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, पोर आपलं कडं सोडून घरी घेऊन जायचं. तोवर दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

किल्लीवाल्याच्या पोरीचं कडं बापाच्या निळ्या शर्टाचं होतं. कोपऱ्यावर कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या बनवायचं त्याचं टपरीएवढं दुकान, त्यामुळे सगळे त्याला किल्लीवालाच म्हणत. पोरीचं नाव टकळी. बारशाचं नव्हे हो, शाळेने ठेवलेलं. झोपेतून उठल्यावर तिचं तोंड जे सुरू व्हायचं ते पुन्हा झोप लागेपर्यंत. मिस्साच्या वेळी फादरांच्या आधी ती आमेन म्हणायची आणि सिस्टर डोळे वटारायच्या तर त्यांनाच विचारायची, "डोळ्यांत काही गेलं का?" अशी वल्ली.

कडं बांधायच्या दिवशी आईची इस्पितळात कामाची पाळी होती, म्हणून बाप एकटाच आला होता. टकळीला गाठ काही आवळता येईना. बापाने हात पुढे केला तर तिने झटकून टाकला. मग खाली बसली, कापडाचं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं दातांत धरलं आणि मान मागे टाकून असा हिसका दिला की पुढचा हलणारा दात गाठीतच राहिला असता. दात वाचला, पण गाठ लाळेने चिंब झाली आणि वाळल्यावर दगडासारखी बसली. त्या कापडावर तिच्या दातांचे बारीक व्रण उठले होते. बापाने ते पाहिले आणि हसला. घरी जाऊन बायकोला सांगायचं मात्र राहून गेलं. आपल्या घरात बोलायचं काम पोरीचं, ती सांगेलच, असं त्याला वाटलं. आणि पोरीला त्या दिवशी सांगायला याहून मोठ्या शंभर गोष्टी होत्या.

पोस्टाजवळच्या चौकात रस्ता ओलांडायच्या आधी दोर थांबवायची रीत होती. पुढचा माणूस मागे न वळता विचारायचा, "धरलंय का घट्ट?" सगळ्यांनी एकदम ओरडायचं, "धरलंय!" किल्लीवाला पुढे असला की त्या गलक्यातही त्याला आपली पोर वेगळी ऐकू यायची. इतरांचं ओरडून झाल्यावर तिचं एकटीचं शेवटचं "धरलंय!" यायचं. आपलं उत्तर गर्दीत हरवता कामा नये, असा तिचा बाणा.

पुढे सहामाहीच्या सुट्टीत तिला ताप आला. साधाच वाटला. साधाच असतो म्हणून तर माणसं दोन दिवस घरचे उपाय करतात. मग तो मेंदूत चढला, आणि ज्या इस्पितळात तिची आई चादरी धुवायच्या खात्यात कामाला होती, त्याच इस्पितळाच्या एका चादरीवर पोर गेली. आई त्याआधी बडबडीला वैतागून तिला रोज म्हणायची, "घटकाभर गप्प बस गं बाई." ते आता तिला आठवायचं आणि ती तोंडात पदर कोंबायची.

सुट्टी संपली. पहिल्या सकाळी पाण्याच्या टाकीपाशी बघतात तर किल्लीवाला दोर हातात घेऊन उभा. आता नियम असा की ज्याचं पोर दोरावर, त्यानेच दोर न्यायचा. पण हे त्याच्या तोंडावर सांगायला जीभ कुणाची रेटणार? सगळे खाली बघू लागले. पोरांनी आपापली कडी धरली. मधलं निळं कडं रिकामं राहिलं आणि दोर तिथे जरा खाली झोल खाऊ लागला. किल्लीवाला चालू लागला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही. बाकीच्या बापांच्या पाळ्या त्याने मागून घेतल्या, आणि त्यांनी त्या मान खाली घालून दिल्या.

लोकांना वाटलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. काही झाला नव्हता. तो अगदी शुद्धीवर होता आणि त्याच्या मनात एकच गोष्ट होती. वर्षाच्या शेवटच्या मिस्सानंतर पोरं आपापली कडी सोडतील तेव्हा निळ्या कड्यापाशी कुणीतरी उभं राहायला हवं. ती नाही, तर आपण. कापायचं नाही, फाडायचं नाही, गाठ सोडवायची. पण त्याआधी एकदा ती पोटभर बघायची. फोटो घरात होते, कपडे होते, पण पोरीने आपल्या अंगच्या जोराने केलेली अशी ती एकच गोष्ट मागे राहिली होती. तोवर दोर आपल्याच हातात राहावा, म्हणजे कड्याला कुणाचा धक्का लागणार नाही. एवढंच.

त्यासाठी त्याने दुकानात बसून तारेचा एक आकडा केला. टोक इतकं घासून गुळगुळीत केलं की कापडाचा एक धागाही तुटू नये. गिऱ्हाईक नसलं की तो आकडा काढून पुन्हा घासायचा. गिऱ्हाईक असलं तरी कधीकधी घासायचा.

हे त्याने कुणाला तरी सांगायला हवं होतं की नाही? सिस्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी दोराला पहारा बसवला असता. निदान बायकोला. पण त्या घराची वाचाच गेली होती. ती दोघं नुसती "जेवलात का" आणि "दार लावलं का" एवढ्यावर दिवस ढकलत होती. ती मागच्या गल्लीने कामावर जायची, शाळेचा रस्ता टाळून. तो सकाळी दोर ओढून यायचा आणि दुकानाचं शटर अर्धं उघडून आत अंधारात बसून राहायचा. तिने एकदोनदा येताजाता पाहिलं. तिला वाटलं, तो दोर या माणसाला गिळतोय.

पालकसंघाची अध्यक्ष बेकरीवाली होती. मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची बाई. दुसऱ्याच्या दुःखात स्वस्थ बसणं तिला जमतच नसे. रोज बेकरीसमोरून ते रिकामं कडं झोल खात जाताना बघून तिला रडू फुटायचं. तिने चार पालकांना जमवलं, सिस्टरांच्या कानावर घातलं, आणि ठरलं की नवा दोर आणायचा. जुनाच दोर ठेवून एकच कडं काढणं म्हणजे जखमेवर मीठ, त्यापेक्षा सगळाच बदलला तर त्या बापाला टोचणार नाही. शनिवारी दुपारी पोरांना बोलावून नवी कडी बांधून घेतली. फादर गावाला गेले होते, पाणी नंतर शिंपडायचं ठरलं.

आणि जुना दोर? तो मंतरलेला, म्हणजे पवित्र पाणी पडलेला. असली वस्तू कचऱ्यात टाकायची नसते, हे त्या शाळेतल्या पोरासोरांनाही पाठ होतं. ती जाळायची आणि राख मातीत मिळवायची. बेकरीवालीने तेही नीट केलं. चर्चच्या मागे चार जणी जमल्या, टकळीसाठी प्रार्थना म्हटली, सगळ्या कड्यांसकट दोर जाळला आणि राख गुलाबाच्या वाफ्यात पुरली. इतक्या मायेने वाईट करणारी माणसं मी तरी दुसरी बघितली नाहीत.

सोमवारी सकाळी किल्लीवाला टाकीपाशी आला तर बेकरीवालीच्या हातात पांढराशुभ्र दोर. त्याला वाटलं, जुना धुवायला काढला असेल. त्याने कडी बघितली. लाल, फुलाफुलांचं, पट्ट्यापट्ट्यांचं. निळं कुठेच नव्हतं. त्याने अगदी हळू विचारलं की जुना कुठे ठेवलाय.

बेकरीवालीने सगळं सांगितलं. सांगताना तिचा चेहरा उजळला होता, कारण आपण चांगलं केलं याची तिला खात्री होती. प्रार्थना कोणती म्हटली तेसुद्धा सांगितलं. मग तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं आणि तिचा आवाज खाली खाली येत बंद पडला.

"दादा, काही चुकलं का आमचं?"

त्याने पुन्हा एकदा सगळी कडी बघितली. मग म्हणाला, "नाही ताई. नीट केलंत."

त्याने गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली आणि चर्चच्या मागे गेला. गुलाबांना नुकतंच पाणी घातलेलं होतं. राख मातीत अशी मिसळली होती की कुठे राख आणि कुठे माती ते कळेना. तो उकिडवा बसला. माती चाचपून बघितली, बोटं चिखलाने भरली, आणि तिथेच त्या एवढ्या मोठ्या माणसाला हुंदका फुटला. मोठ्या सिस्टर खिडकीतून बघत होत्या. बाहेर यायची त्यांची छाती झाली नाही.

दुपारी बायको दुकानात आली. बेकरीवाली रडत रडत इस्पितळापर्यंत जाऊन आली होती, म्हणून. शटर अर्धं खाली होतं; ती वाकून आत शिरली. तो स्टुलावर बसला होता, हात तसेच मातीने माखलेले, आणि समोर तो तारेचा आकडा. त्याच्याकडे बघवेना म्हणून तिने आकड्याकडे बघत विचारलं, "हा कुठल्या कुलपाचा?"

मग तो बोलला. पायाखाली दाबलेलं टोक, हलणारा दात, लाळेने भिजलेली गाठ, दातांचे व्रण, सगळं सांगितलं. कित्येक दिवसांत त्याने एवढे शब्द एका वेळी उच्चारले नव्हते. ती ऐकताना भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली.

"मला विचारलं होतं बेकरीवालीने," ती म्हणाली. "नवा दोर आणू का म्हणून. मीच हो म्हटलं. जुना जाळा, पण आमच्या ह्यांच्या हातातून सोडवा, असं मीच म्हटलं. मला त्या गाठीचं माहीत नव्हतं हो."

तो तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण कुणावर ओरडणार? ज्याने सांगायला हवं होतं तो आपणच होतो, हे त्याला कळून चुकलं होतं. बाहेर शाळा सुटल्याचा गलका झाला, पोरांचे आवाज शटरखालून आत आले आणि पुढे निघून गेले.

संध्याकाळी त्याने दुकान बंद केलं. आकडा खिशात टाकला, टाकून द्यायचा धीर होईना. ती म्हणाली, मागच्या गल्लीने जाऊ. तो मान हलवून शाळेच्या रस्त्यालाच लागला, आणि ती मागोमाग निघाली. इतक्या दिवसांत त्या रस्त्यावर ती पहिल्यांदाच पाय ठेवत होती. बेकरीवालीने त्यांना येताना बघितलं आणि आत निघून गेली. किल्लीवाला रोजच्या सवयीने एक हात मागे ठेवून चालत होता. हातात दोर नव्हता, तरी बोटं तशीच वळलेली होती. तिने ते पाहिलं.

पोस्टाजवळच्या चौकात तो थांबला. गाड्या जात होत्या. मागे न वळता, काय बोलतोय हे कळायच्या आत, त्याच्या तोंडून निघून गेलं.

"धरलंय का घट्ट?"

मागे कुणी ओरडलं नाही. आपण काय विचारून बसलो हे ध्यानात येऊन रस्ता समोर असून त्याला दिसेनासा झाला. मग पाठीमागे शर्टाला ओढ बसली. बायकोने त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं. तिने ओरडायला तोंड उघडलं. एकदा प्रयत्न केला, नाही जमलं. दुसऱ्यांदा कसंबसं जमलं.

"धरलंय," ती म्हणाली.

गाड्या थांबल्या, तेव्हा दोघांनी रस्ता ओलांडला.