पळसाच्या पानांचा चंदर

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा पिंपळगाव बसवंतचा चंदर तिथे पाण्याचा टँकर चालवत होता. इकडे त्याची बायको आशा नुकतीच बाळंत झाली होती. लाखाच्या वर भारतीय तिथे अडकले होते. त्यांना बसने बगदादमार्गे जॉर्डनला नेलं आणि तिथून विमानाने मुंबईला आणलं. चंदरबरोबर काम करणारा निफाडचा वाल्मीक असाच परतला.

"बगदादपर्यंत आम्ही बरोबर होतो, वहिनी," तो म्हणाला. "बसमध्ये एक बाई तान्हं लेकरू घेऊन उभी होती. चंदरने तिला आपली जागा दिली अन् खाली उतरला. म्हणाला, मी मागच्या गाडीने येतो."

मागची गाडी आली. तिच्यात चंदर नव्हता. जानेवारीत बगदादवर बॉम्ब पडायला लागले आणि विचारपूस करायची वाटच बंद झाली.

आशा कांद्याच्या खळ्यावर कामाला जात राहिली. लेक हर्षाली बारा वर्षांची झाली.

बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याला गेलेला धरायचा, पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि नाशिकला गोदावरीकाठी त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. चंदरचे वडील बारकूआबा आता अंथरुणाला टेकले होते. त्यांनी विषय काढला.

"आशा, घरात दुसरा गडी नाय. मी गेलो तर पोराला अग्नी कोण देईल?"

"जित्या माणसाला अग्नी द्यायचा, आबा?"

"बारा वर्सं झाली गं."

"झाली तर झाली."

त्याच वर्षी, २००२च्या ऑक्टोबरात, बातमी आली की इराकने तुरुंगांची दारं उघडली. टीव्हीवर माणसांचे लोंढे फाटकातून बाहेर पडत होते. आशा पडद्याला नाक लावून बसली.

"डावी भुवई मधोमध तुटलेली हाय त्यांची. तू पण बघ."

"आई, टीव्हीत भुवया नाय दिसत," हर्षाली म्हणाली. तिने वडिलांना कधी पाहिलंच नव्हतं. "आमच्या इतिहासाच्या पुस्तकात दोन्ही महायुद्धं हायेत. बाबांचं युद्धच नाय."

वाल्मीकने दिल्लीला परराष्ट्र खात्यात फोन केले. महिन्याने उत्तर आलं, या नावाचा कोणी सुटलेला नाही. त्या आठवड्यात आबांना खोकल्यातून रक्त पडलं. त्यांनी काही मागितलं नाही, नुसते आशाकडे बघत राहिले.

"चला," आशा म्हणाली.

आबांना दोन्हीकडून धरून नाशिकच्या घाटावर आणलं. तिथे गुरुजी पानं मांडत होते. आशाने विचारलं, "आणि उद्या आले तर?"

"तेही शास्त्रात आहे. त्याचं पुन्हा बारसं करायचं आणि तुमच्याशीच पुन्हा लग्न लावायचं."

"म्हणजे येत असतील लोक."

गुरुजींनी हातातलं पान खाली ठेवलं. "ताई, मी तीस वर्षं या घाटावर आहे. आलेला कोणी पाहिला नाही."

त्यांनी केलेला पुतळा हातभर होता. डोक्याच्या जागी नारळ.

"एवढासा? आमच्या दारातून वाकून यायचे ते."

"लहानमोठ्याने काही फरक पडत नाही, ताई."

"मला पडतो."

तिने पानं, देठ, सुतळी आपल्याकडे ओढून घेतली. कांद्याच्या गोण्या शिवणारे तिचे हात भराभर चालले. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं. पाय लांबत गेले. उजवा खांदा तिने थोडा खाली घेतला, कारण टँकरच्या आधी चंदर गोण्या वाहायचा. शेवटी तिने पिशवीतून त्याचा शर्ट काढून वर पांघरला. तो बरोबर बसला.

हर्षाली पायांकडून डोक्याकडे चालत गेली. "बाबा एवढे होते?"

"हो."

गुरुजींनी पेटती काडी आबांच्या हातात दिली. आबा वाकले आणि तसेच थांबले.

"मला वाटलं पानंच असतील," ते म्हणाले. "तू तर पोरालाच आणून निजवलंस. आता कसा लावू?"

"आबा, लावा."

"नाय व्हायचं माझ्याच्यानं. घरी चल. राहू दे तसाच, येईल तवा येईल."

बारा वर्षं आशा हेच ऐकायला आसुसली होती. आज ते आबांच्या तोंडून आलं आणि तिला कळलं की आता परत फिरलो तर हा म्हातारा महिन्याभरात जाईल, आणि मग चंदरसाठी काडी धरणारं कोणी उरणार नाही. ती त्यांच्या मागे गेली. त्यांचं मनगट धरून तिने काडी खाली नेली.

पानं ओली होती. नुसता धूर झाला. पुन्हा लावावं लागलं, मग पुन्हा. गुरुजींनी तूप ओतलं, तेव्हा कुठे शर्टाची कड पेटली.

आशा पायऱ्या उतरून पाण्यात गेली आणि ओल्या पदराने कपाळ पुसू लागली. वरून आबा ओरडले, "पुसू नको गं. मी सांगतो ना, राहू दे."

"आता कशाला, आबा?" ती म्हणाली, आणि कुंकवाची जागा लाल होईपर्यंत घासत राहिली.