कॉनराडशर्मांचं पान

पितळी ताटातले तांदूळ. त्यात अंगठीनं लिहिलेलं ‘रमा’.

दूध काढण्याच्या शर्यतीत दुसरा नंबर. विस्कॉन्सिन, १९११.

वाईच्या मुलींच्या शाळेचा हजेरीपट. एकाच ओळीची रेघ हातानं वाढवून पार समासाबाहेर नेलेली.

पितृपक्ष. गुरुजी दरवर्षी त्याच जागी अडखळतात: “कॉनराडशर्मा…”

बॉबलिंगेन सोडत असल्याचा नगरपालिकेतला आबमेल्डुंगचा कागद. तारीख ३० जून २०१६.

हा शेवटचा कागद ऊर्मिलाच्या पर्समध्ये होता. नवऱ्याचं, प्रतापचं, इथे जर्मनीतल्या गाड्यांच्या कंपनीतलं काम संपलं होतं आणि पुण्याच्या विमानाला नऊ दिवस उरले होते. बाकीचं सगळं तिच्या पणजीचं. विष्णू शेंडे विस्कॉन्सिनला शेतकी शिकायला गेले आणि १९१४ साली अ‍ॅना कॉनराड माउरर हिला घेऊन वाईला परतले. लग्नात रीतीप्रमाणे तिचं नाव रमा ठेवलं. तिनं ते आनंदानं घेतलं. पण शाळेत शिकवायला लागली तेव्हा हजेरीपटावर ‘रमा’च्या पुढे आपलं आधीचं अख्खं नावही लिहिलं. “बाई, एवढं मावत नाही,” हेडमास्तर म्हणाले. “मग रेघ वाढवा,” बाई म्हणाल्या. इन्फ्लुएन्झाच्या साथीत जिथे कुणी उंबरा ओलांडत नव्हतं तिथे ती स्वतः काढलेलं दूध घेऊन गेली. माहेराबद्दल विचारलं की मात्र एवढंच म्हणायची, “तिकडे बर्फ फार.”

म्हणून गाव म्हणालं, मडमेला आईबाप नाहीत, अनाथाश्रमातून आणलीय. तिच्या हाताखाली वाढलेल्या शैलाआत्याला शाळेत पोरी तेच चिडवायच्या. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही आत्याला ते सलत होतं.

“तिची माणसं शोध, ऊर्मे. परत आलीस की मग कोण जातंय तिकडे!”

हाताशी होती फक्त पणजीची पेटी. झाकणाच्या आत रंगवलेलं एका खेड्याचं नाव. ते खेडं बॉबलिंगेनपासून बसनं पाऊण तासावर निघालं. तिथल्या चर्चच्या जुन्या वह्यांत ऊर्मिला दोन वर्षं, सुट्टी मिळेल तेव्हा, एकच माणूस शोधत होती: कॉनराड माउरर. पणजीचा बाप.

वह्या सांभाळणाऱ्या फ्राउ बिट्झरनी त्या दिवशी चष्मा काढला. “आल्झो… हे बघा, आमच्या गावात माउरर कधी नव्हतेच. तुम्ही कॉनराड का बघत नाही? अर्धं गाव कॉनराड आडनावाचं आहे.”

“पण कॉनराड तिच्या वडलांचं नाव. मध्ये आहे ना!”

“मध्ये वडलांचं नाव कोण लावतं?”

“आम्ही. आणि लग्नानंतर नवऱ्याचं. मी ऊर्मिला प्रताप.”

“तुमच्या नावात नवरा बसलाय?” फ्राउ बिट्झर खो खो हसल्या. मग म्हणाल्या, “अमेरिकेत गेलेली आमची माणसं तिथे मध्ये आईचं माहेरचं आडनाव लावायची. सगळी नाही. पण लावायची.”

पंधरा मिनिटांत सापडली. बार्बरा कॉनराड, जन्म १८६६. समासात बारीक अक्षरात: १८८४, विस्कॉन्सिन, अमेरिका. १८९०, तिथेच माउरर नावाच्या शेतकऱ्याशी लग्न. वर तिच्या आईबापांची नावं, त्यांच्या आईबापांची, पाच पिढ्या.

ऊर्मिलानं बसस्टॉपवरूनच फोन लावला. आत्यानं सगळं ऐकलं.

“म्हणजे आजी गेल्यापासून तुझे आजोबा, आमचे दादा, ज्या कॉनराडशर्मांना पाणी सोडत होते…”

“ती आजीची आई, आत्या.”

“अगं बाई! शर्मा म्हणे! आणि मी मेली दरवर्षी त्यांच्या पानावर विडा ठेवत होते, पुरुषमाणूस म्हणून!” ती हसता हसता रडायला लागली. “नाव सांग परत. सावकाश. गुरुजींना लिहून द्यायचंय.”

“बार्बरा.”

“बार्बरा,” आत्या म्हणाली. “वाईत आता कुणी उरलं नाही गं, ज्याला सांगावं. तरी सांगणार.”

१८९९च्या हिवाळ्यात, आई गेल्यानंतर शाळेत परत आली त्या दिवशी, सात वर्षांच्या अ‍ॅना माउररनं वहीवर पहिल्यांदा तीन शब्दांत नाव लिहिलं.