कांडी मोडल्यानंतरची पानं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जादूचं कौतुक ते काय असणार? लोक बटण दाबतात आणि लिफ्ट वर येते. पण त्यामागचे दोर, चाकं नि मोटार मुंगीच्या बाबांच्या हाताखालून गेलेली. मुंगी ही त्यांची मुलगी, चौथीतली. इवलीशी, पण एका जागी ठरेल तर शपथ. अलीकडे मात्र ती तासन्‌तास हलत नव्हती, कारण शाळेच्या वाचनालयातली जादूची पुस्तकं तिच्या हाती लागली होती.

"हे वेड वेळीच आवरायला हवं," बाबा म्हणाले. "उद्या अडचण आली तर ही मंत्र पुटपुटत बसेल. हातपाय कोण हलवणार?"

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. तिला कुठलीही गोष्ट नीट बघितल्याशिवाय बोललेलं खपत नसे.

"तुम्ही वाचलंय का त्यातलं एक तरी?"

"विहीर खोल आहे हे कळायला उडी मारावी लागत नाही."

"वाकून तरी बघावं लागतं ना?"

बाबांनी विषय तिथेच सोडला. पण इतर पालकांच्याही तक्रारी होत्याच. शेवटी शाळेने सभा बोलावली: जादूच्या पुस्तकांचं कपाट ठेवायचं की काढायचं? तक्रारवाल्यांनी बाबांनाच पुढे केलं. "तुम्ही यंत्रातले माणूस, तुमचं म्हणणं लोकांना पटेल." बाबांना ते आवडलं. त्यांनी आरशासमोर उभं राहून भाषण घोकलं.

सभा मुंगीच्याच वर्गात भरली. मोठी माणसं बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आधी वाचणाऱ्यांना विचारू."

मुलं एकमेकांना ढोसू लागली. उभी राहिली ती मुंगी. बाबांनी मान खाली घातली.

पुढच्या बाकावरच्या कापड दुकानदाराने विचारलं, "बाळ, जादू खरी असते असं वाटतं का तुला?"

"नाही काका. माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी यंत्र असतं, हे मी बघितलंय."

सगळे हसले. बाबाही नकळत ताठ बसले.

"मग वाचतेस कशाला?"

"कांडी मोडते म्हणून."

कोणालाच काही कळेना, तेव्हा मुंगीने नीट सांगितलं. "गोष्टीतल्या मुलीची जादूची कांडी मध्येच मोडते. तिची मैत्रीण जंगलात अडकलेली असते. आता एकही मंत्र चालत नाही, तरी ती एकटी जाते. कांडी चालते ती पानं मी भराभर उलटते. मोडल्यानंतरची हळू वाचते. तिच्या जागी मी असते तर गेले असते का, ते बघत असते."

"गेली असतीस?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

मुंगीने जरा विचार केला. "अजून नक्की नाही सांगता येत. म्हणून पुन्हा वाचतेय."

आता बाबांची पाळी. ते उठले, पण घोकलेल्यातलं अक्षर आठवेना. घसा खाकरून ते म्हणाले, "मी कपाट काढा असं सांगायला आलो होतो. पण खरं सांगतो, त्यातलं एक पानही मी वाचलेलं नाही. ही आत्ता जे बोलली ते मी तिला शिकवलेलं नाही, तिच्या आईनेही नाही. ते त्याच कपाटातून आलंय. ते कपाट काढा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?"

"अहो, तुम्ही आमच्या बाजूचे ना?" दुकानदार म्हणाला.

"होतो."

हात वर झाले आणि कपाट राहिलं. दुकानदाराने हात वर केला नाही. पण निघताना, कोणी बघत नाहीसं पाहून, एक पुस्तक काखेत मारलं.

घरी जाताना आई म्हणाली, "छाती जरा आत घ्या, बटणं तुटतील."

"तुटू देत," बाबा म्हणाले आणि मुंगीकडे वळले. "त्या कांडीच्या गोष्टीचा पहिला भाग कुठला गं?"

पुढच्या आठवड्यात, कामावर डबा खाऊन झाल्यावर बाबा पुस्तक उघडून बसलेले दिसले, तेव्हा त्यांच्यासोबत लिफ्टचं काम करणाऱ्या जोडीदाराने भुवया उंचावल्या.

"काय वाचताय?"

"मुलीने दिलंय," बाबा म्हणाले. मग कोणी विचारलेलं नसताना त्यांनी सभेची सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, आणि मुंगीचं बोलणं आलं तिथे थांबून थांबून, शब्द न् शब्द.